जांबला जा, पण डांबर सोडण्याआधी आभाळ बघा

पावसाळ्यातल्या रविवारी शिवथरघळीत पाय ठेवायला जागा नसते. धबधब्याखाली आरडाओरडा आणि वाटेवर वेफर्सची पाकिटं. समर्थ रामदास जिथे राहिले तिथे एवढी गर्दी, आणि जिथे जन्मले त्या जांबला भटक्यांपैकी जवळपास कुणीच फिरकत नाही. जालना जिल्ह्यात कडा नाही, चढ नाही, मग ‘खऱ्या ट्रेकर’ने तिथे का जावं, असं मला तोंडावर विचारणारे मित्र आहेत. त्यांना एकदा ओल्या रेगुरातून, म्हणजे काळ्या मातीतून, गावापर्यंत चालायला लावावं. सह्याद्रीच्या कातळावर पाय कमावलेला माणूसही तिथे नवखा ठरतो.

वाट सोपी आहे: जालना, अंबड, घनसावंगी, कुंभार पिंपळगाव, जांब. रेल्वेने येणाऱ्यांनी परतूरला उतरावं. इतिहास सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १६०८ च्या रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण, म्हणजे पुढचे समर्थ, जन्मला. बाराव्या वर्षी आसनगावच्या लग्नमांडवातून निघून गेला. पुढे नाशिकजवळ टाकळीला तप, मग देशभर भ्रमंती, आणि १६८२ मध्ये सज्जनगडावर देह ठेवला. गावात राममंदिर आणि जन्मस्थानाचं मंदिर आहे. दोन्ही निवांत बघा.

आम्ही ऑक्टोबरमध्ये गेलो होतो, दोन मोटारसायकलींवर. कोजागिरी होऊन गेली होती. दर्शन झाल्यावर शिवारातल्या पाणंदीने निघालो आणि परतीच्या पावसाने गाठलं. सर जेमतेम पंधरा मिनिटांची, पण तेवढी काळ्या मातीला पुरते. ती आधी चाकाला धरते, मग चाक आणि मडगार्डच्या मधल्या फटीत ठासून बसते. थोड्याच वेळात पुढचं चाक फिरायचं थांबतं आणि गाडी नुसती घसरत ओढावी लागते. काडीने माती उकरली की दहा पावलांत पुन्हा तेच. अशा वेळी इंजिन रेमटवू नका, क्लच जळतो. पुढचं मडगार्ड खोलता येत असेल तर खोला. दहा नंबरचा पाना सोबत असू द्या.

शेजारच्या रानात एक काका सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री ओढत होते. ती दगडांनी दाबून झाल्यावरच ते आमच्याकडे आले. वर्षाचं पीक उघड्यावर असताना त्यांनी तेच करायला हवं होतं. मग तुराटी मोडून दोन्ही चाकं मोकळी केली आणि म्हणाले, “गाड्या ऱ्हाऊ द्या आखाड्यावर. बूट काढून हातात घ्या, नाहीतर गाव यायला रात व्हईल.” बुटांच्या तळांना मातीचे थर चढून पाय उचलत नव्हते. अनवाणी चालल्यावर वाट निम्मी सोपी झाली. बोटं रुतवून टाकायची, टाच नंतर. बाभळीच्या काट्यांसाठी नजर खाली हवी. ट्रेकिंगच्या भारी बुटांचं कौतुक करणाऱ्यांनी एवढं एक लक्षात ठेवावं.

गावात शिरलो तेव्हा अंधार पडला होता, आणि दोघातिघांनी आम्हाला अडवून नाव, गाव, काम विचारलं. याचा राग धरू नका. ऑगस्ट २०२२ मध्ये इथल्या राममंदिरातून समर्थांच्या देवघरातल्या मूर्ती चोरीला गेल्या होत्या. पोलिसांनी ऑक्टोबरअखेर त्या शोधून काढल्या, पण मधले दोन महिने गावाने फार वाईट काढले. अनोळखी पाहुण्याकडे रात्री बारकाईने बघणं हा या गावाचा हक्क आहे. सरळ उत्तरं द्या, आधार कार्ड दाखवा, मंदिरात फोटो काढण्याआधी विचारा. आमची चौकशी संपली तसे त्यातल्याच एकाने घरी नेऊन गरम पाणी दिलं, भाकरी-पिठलं वाढलं, आणि झोपायला पडवी दिली. पहाटे काकड्याच्या टाळांनी जाग आली. सगळं ठरल्याप्रमाणे झालं असतं तर संध्याकाळी परतलो असतो आणि हा काकडा ऐकायचा राहिला असता.

आरामाची सोय हवी असेल तर छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करा. तिथे तारांकित हॉटेलं आहेत. ऐतिहासिक वास्तूतच राहायची हौस असेल तर पार पुणे जिल्ह्यात सासवडजवळ पिलाजी जाधवरावांची १७१० ची गढी हॉटेल म्हणून चालते. गढीचं हॉटेल करावं का, यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. माझं मत स्पष्ट आहे: भिंती उभ्या राहत असतील तर करावं. मराठवाड्यातल्या कितीतरी गढ्यांची पांढरी माती शेतात टाकायला आणि धाब्याच्या छपरांवर पसरायला ट्रॉली भरभरून गेली. बुरूज ढासळले, आत बाभळी माजल्या. वाटेत अशी गढी दिसली तर थांबा, बाहेरून फिरून बघा, फोटो काढून गावाच्या नावासह नोंद ठेवा. तटावर मात्र चढू नका, पावसाने भिजलेला मातीचा बुरूज पायाखालून सुटतो.

परतताना अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी चढून या, नवरात्र सोडून.

जांबला जायचे दिवस नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. रामनवमीला गर्दी आणि ऊन दोन्ही असतं. नोव्हेंबरअखेरच्या आधी गेलात आणि ढग दिसले, तर पाणंदीत गाडी घालू नका. आणि कुणाच्या घरी जेवलात, तर पैसे पुढे करून त्यांना अवघडवू नका, मंदिरात देणगीची पावती फाडा.