फिकट सांबरशिंगांचा रंग

सुलतान बाजारातील आमच्या घरी भिंतीवर आजोबांच्या काळची सांबराची शिंगे आहेत. उन्हाने ती पांढुरकी पडली होती. वडील म्हणाले, "व्हार्निश लाव." पण मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी, मूळ रंग येतो कोठून, हे आधी पाहिले.

सांबराचे शिंग म्हणजे हाडच. ते गळून पुन्हा उगवते. वाढ पुरी झाली की वरची मखमली कातडी सांबर झाडांवर घासून काढते. तेव्हा रक्ताने व सालीच्या रसाने शिंगास तपकिरी रंग चढतो. म्हणजे रंग वरवरचाच!

हातमोजे घालून मी पोटॅशियम परमँगनेटचे सौम्य द्रावण प्रथम मागील बाजूस लावून पाहिले. जांभळा रंग हळूहळू तपकिरी झाला; हा रंग मँगनीज डायऑक्साइडचा. मग सर्वत्र दोन हात दिले. टोके घासून घासून मुळातच उजळ असतात, म्हणून ती बारीक पॉलिश पेपरने उजळविली. शेवटी जवसाचे तेल पुसले.

एक मात्र ध्यानात ठेवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशा शिंगांना मालकीचा दाखला लागतो. आमच्याकडे तो आहे. ज्यांच्याकडे नसेल, त्यांनी रंगापूर्वी वनखात्याचे कार्यालय गाठावे.