कापलेली पट्टी

छोटे, रागावणार नसशील तर एक बोलते. तान्ह्या पोळ्याला तू आसगावला आली होतीस ना, तेव्हा दारात लाकडी नंदी घेऊन पोरं उभी होती. त्यांना बोजारा द्यायला सुटे पैसे हवेत म्हणून मी तुझी पर्स उघडली. आतल्या कप्प्यात गोळ्यांची पट्टी होती. कात्रीनं कापलेली, चारच गोळ्यांची. नाव अर्धं, तारखेचा तर पत्ताच नाही. मी पर्स तशीच मिटून ठेवली. तुला तेव्हा विचारलं नाही, कारण तसलीच पट्टी मी दोन वर्षं तांदळाच्या कोठीत लपवली होती.

हे तुझ्या भाऊजींशिवाय कुणाला ठाऊक नाही. आज तुला सांगते.

आईची तेरवी झाली, तू सासरी गेलीस आणि इथं मला रात्र खायला उठू लागली. डॉक्टरांनी अल्प्राझोलमची पाव मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. पंधरा दिवसांसाठी, चिठ्ठीवर स्पष्ट तसंच होतं. पहिल्या रात्री अशी झोपले की कोंबडा आरवलेला कळला नाही. पंधरा दिवस सरले आणि मी तीच चिठ्ठी घेऊन पुन्हा मेडिकलमध्ये गेले. मग पुन्हा. पुढं तर चिठ्ठीही कुणी मागेना. एकाची दीड झाली, दीडच्या दोन. मला वाटायचं, डॉक्टरांनीच दिलेली गोळी आहे, यात कसलं व्यसन? व्यसन म्हणजे दारू, गांजा. मालेगावकडं पोरं नशेसाठी ‘कुत्ता गोळी’ खातात, पोलीस धाडी टाकतात, ती बातमी वाचून मी हळहळले होते. ती गोळी म्हणजे ही अल्प्राझोलमच, हे मला फार उशिरा कळलं.

दिवसाही मी अर्धी झोपेतच असायची. दूध उतू जायचं, बोललेलं आठवायचं नाही. तू फोनवर एकदा म्हणालीस, ‘ताई, तू हे मला कालच सांगितलंस.’ त्या दिवशी मी खूप रडले.

आणि मग मी जी चूक केली, ती तू करू नकोस, त्यासाठीच हे सगळं सांगते आहे. रोवणीच्या दिवसांत मनाशी ठरवलं, आजपासून बंद. पट्टी चुलीत टाकली. दुसऱ्या रात्री डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या दिवशी बांधीत उभी होते, तर पऱ्ह्यांची जुडी हातातून सुटून चिखलात पडायची. बोटं थरथरत होती, रोप टोचायचं तिथं टोचलं जाईना. बाया गाणी म्हणत होत्या, ती कानात खुपायची. त्या रात्री मला झटका आला. दात घट्ट बसले, अंग ताठलं. भाऊजींना वाटलं, बांधीत काही चावलं. तशीच गाडीत घालून नागपूरला नेली.

तिथल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. त्यांनी समजावलं, मेंदूला स्वतःचा ब्रेक असतो आणि ही गोळी त्या ब्रेकवर आणखी पाय दाबते. रोज असा पाय पडू लागला की मेंदू आपला ब्रेक ढिला सोडतो. मग गोळी एकदम काढून घेतली की आवरायला काहीच उरत नाही. झोप उडते, हात कापतात, झटके येतात, जीवावरही बेतू शकतं. अशा गोळ्या दोन ते चार आठवड्यांच्या पुढं सहसा नेऊच नयेत, आणि नेल्या असतील तर हळूहळू, डॉक्टरांच्या नजरेखालीच उतरवाव्यात. मला उतरायला पाच महिने लागले. किती कमी आणि कधी, ते माझं माझ्यापुरतं होतं. तुझं तुझ्या डॉक्टरांनी ठरवायचं.

कात्रीचंही सांगते. पट्टी कापली की नाव जातं, मुदत जाते आणि लाल चौकटीतली सूचनाही जाते. १ मार्च २०१४ पासून ही गोळी शेड्यूल एच-वनमध्ये आहे. दुकानदारानं चिठ्ठी पाहायची, रुग्णाचं, डॉक्टरांचं नाव आणि किती गोळ्या दिल्या ते वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. मला हे माहीत असतं तर ‘चार द्या हो’ म्हणताना जीभ अडखळली असती. दुकानदार ओळखीचा असतो, आपण गयावया करतो, तोही देऊन मोकळा होतो.

कंबरेसाठी रोवणीत बाया घेतात ती दुखण्याची साधी गोळी वेगळी. तिची नशा होत नाही, पण रोज आणि रिकाम्या पोटी घेतली तर पोटात जखम होऊ शकते, किडनी खराब होऊ शकते. दुखण्यावरचंच ट्रामाडॉल मात्र अफूच्याच जातीचं. २०१८ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. तुझ्या झोपेच्या गोळीबरोबर ते किंवा दारू पोटात गेली तर झोपेतच श्वास मंदावतो. घरात कुणाची ट्रामाडॉलची पट्टी पडली असेल तर चुकूनही तोंडात टाकू नकोस.

लाज वाटत असेल, मला माहीत आहे. एम्सच्या २०१९ च्या अहवालानुसार अशा गुंगीच्या गोळ्या डॉक्टरी गरजेपलीकडं घेणारे देशात १ कोटी १८ लाखांच्या घरात होते. त्यांत आपल्यासारख्या घरच्या लेकीसुना नसतील का गं? अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तिथं पुढं बायकांसाठी ‘निशिगंध’ म्हणून वेगळा विभागही झाला. बायका येत असतील म्हणूनच ना?

तू का घेतेस, ते मी विचारत नाही. सांगावंसं वाटेल तेव्हा सांग, अर्ध्या रात्रीही फोन कर. माझ्याशी बोलवत नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात. फक्त आजची गोळी घाबरून बंद करू नकोस, वाढवूही नकोस.

शनिवारी मुक्कामाला ये. असतील नसतील त्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आण, कापलेल्यासुद्धा, आणि जुनी चिठ्ठी सापडली तर तीही. घरी म्हण, ताईच्या कंबरेला दाखवायला जायचंय. सोमवारी सकाळच्या एसटीनं दोघी डॉक्टरांकडं निघू. डबा मी करते.