आवाज फुटलेल्या मुलाने कुठे गायचं?

सातवी-आठवीत मुलांचा आवाज फुटायला लागला की समूहगीतातून ती एकेक करून कशी गळतात, ते तुम्हीही पाहिलं असेल. मी शाळेत असताना मला सांगितलं गेलं होतं, "तू नुसते ओठ हलव." दोन स्नेहसंमेलनं मी ओठ हलवले! आता इथे नेरूळला शिकवताना माझ्याच वर्गातल्या एका मुलावर ती वेळ आली. पाचवीपासून हौसेने गाणारा, यंदा वरचा सा लागेना म्हणून आपणहून मागे जाऊन बसला.

त्याच सुमारास मी 'ईझी वॉन्डरलिंग्ज' हा पुण्याचा बँड ऐकत होतो. सान्यांथ नारोथ यांनी २०१५ मध्ये तो सुरू केला, पहिला अल्बम २०१७ चा. गाणी इंग्रजी, बाज लोकसंगीताच्या जवळचा. प्रतीका गोपीनाथ मुख्य गायिका, पण सोबतचे आवाज तिच्याच पट्टीत चालत नाहीत. कुणी खाली, कुणी वर, तरी सगळे मिळून एकच गाणं. यालाच हार्मनी म्हणतात. आपल्या समूहगीतात आणि भजनात साधारणपणे सगळे एकच चाल एकाच सुरात धरतात. त्यात वेगळी गोडी आहे, वाद नाही. पण ज्याचा आवाज त्या पट्टीत बसत नाही, त्याला तिथे जागा उरत नाही.

मुलाचा आवाज बिघडलेला नसतो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज साधारण एका सप्तकाने खाली उतरतो. मधले काही महिने तो कधी फाटतो, कधी घसरतो. त्या काळात ताणून वरचं गायला लावू नका.

वर्गात मी असं केलं. मोबाईलवर तानपुरा लावला. आधी सगळ्यांचा सा. मग अर्ध्या वर्गाला प दिला. प तानपुऱ्यातच वाजत असतो, त्यामुळे मुलांना तो सापडतो. ग मात्र शेवटी घ्या. पहिल्या दिवशी ग वाले दहा सेकंदांत घसरून सा वर आले आणि वर्गभर हशा! मग एका कानावर हात ठेवून गायला सांगितलं, म्हणजे स्वतःचा सूर ऐकू येतो. चौथ्या तासाला जमलं.

गणिताच्या शिक्षकांनाही यात काम आहे. सा, ग, प यांच्या कंपनसंख्यांचं गुणोत्तर ४:५:६. सा २४० धरला तर ग ३००, प ३६०. पेटीवरचा ग मात्र ३०२ च्या आसपास येतो, किंचित चढा. म्हणून हा सराव पेटीवर न करता तानपुऱ्यावरच करा.

आणि तो मुलगा? त्याला मी खालचा सा दिला, फक्त धरून ठेवायला. पहिल्यांदा त्याने मान खाली घालून धरला. सूर भरला तसा पुढच्या रांगेतल्या मुली मागे वळून बघायला लागल्या. तास संपल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, माझा आवाज अजून खाली जाईल का?"

"जाईल की," म्हटलं.

"मग जाऊ दे."