भावाला घरी आणलंस, आता हे ऐक

पोरी, भाऊ नागपूरच्या मनोरुग्णालयातून घरी आला. पुढचं सारं किन्हीराजात, आपल्याच ओसरीवर करायचं आहे. मीही मनाच्या आजारातून गेलेली बाई. नंतर दोघाचौघांना घेऊन वाशीमच्या सरकारी दवाखान्याच्या फेऱ्याही केल्या, म्हणून सांगते.

बरं वाटू लागलं की घरातलं कोणीतरी म्हणतंच, आता कशाला ती गोळी? घात तिथेच होतो. गोळी कमी करायची की थांबवायची हे डॉक्टरांनी ठरवायचं, पारावरच्या मंडळींनी नव्हे. पण त्याला सुस्ती येते, तोंड कोरडं पडतं, अंग आखडतं, वजन वाढतं, हे तो सांगेल तेव्हा 'नाटकं करतो' म्हणून उडवू नको. वहीत लिही आणि डॉक्टरांपुढे ठेव. औषध बदलता येतं. गोळ्या गुपचूप फेकणारे कित्येकजण याच त्रासाला कंटाळलेले असतात.

त्याला लिथियम चालू आहे, त्याचं वेगळं ऐक. आपल्या उन्हाळ्यात ही गोळी फार जपावी लागते. मे महिन्यात वावरात घाम गेला आणि पाणी कमी पडलं की रक्तातलं लिथियम चढतं. हगवण-उलटी लागली तरी चढतं. मीठ एकदम तोडलं तरीही, म्हणून अळणी उपवास त्याला नको. देवाला काय सांगायचं ते मी सांगीन. कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणायचं नाही, त्यानेही पातळी वाढते. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरले, झोक जाऊ लागला, बोलणं जड झालं, तर पुढची गोळी देण्याआधी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रक्ततपासणीची तारीख सोयाबीनच्या सोंगणीतही चुकवायची नाही.

आजार परतायचा झाला की बहुतेकदा आधी झोप मोडते. दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा नाही आणि तरी सकाळी अंगात भलताच जोर, असं दिसलं तर वाट पाहू नको, डॉक्टरांकडे ने. झोप मोडू नये म्हणून हरभऱ्याला रात्रीचं ओलित त्याच्यावर टाकू नका. वीज रात्रीचीच असेल तर दुसरा माणूस जाईल.

लोक म्हणतील, बाहेरचं झालं. देवस्थानाला न्यायचं तर खुशाल न्या, गोळ्या पिशवीत ठेवून. बांधायला साखळी मात्र कोणी आणली तर आडवी हो. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्ण ठेवलेल्या जागी ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली, तेव्हा साखळदंडाने बांधलेले २८ रुग्ण जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे.

याच कायद्यात आणखी एक सोय आहे. तो बरा आहे तोवरच साध्या कागदावर लिहून घ्या, की आजारात माझ्यासाठी बोलायला हा माणूस. सही नाहीतर अंगठा पुरतो. नाव त्याने निवडायचं. तुझं निवडलं नाही तर रुसू नको.

उद्या तू दुसऱ्याच्या घरासाठी बोलायला जाशील, मला दिसतंच आहे. तेव्हा आधी त्या माणसाला विचार, तुला काय हवं? आम्ही आजारी असताना आमच्या डोक्यावरून सगळे बोलतात, त्याची चीड वर्षानुवर्षं जात नाही. आईबापाशी नंतर बोल. त्याचं नाव, आजार, गोळ्या, काही गावभर नेऊ नको. एसटी स्टँडवर कोणी भरकटलेला दिसला तर पोलिसांना कळव. त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात पोचवणं हे कायद्याने त्यांचं काम आहे. साहेब टाळू लागले तर हे शांतपणे, पण दोनदा सांग.

आणि एकटी पडू नको. कॅनडात राहिलेले प्रा. जगन्नाथ वाणी यांच्या घरातच स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काढली, तिथे घरच्या माणसांचेही गट बसतात. आपल्याकडे दोन घरं बसली तरी चालेल, चहा मी करीन.

टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर १४४१६. रात्रंदिवस चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. आजच कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव, आणि भावालाही पाठ करायला लाव.