शालेय विद्यार्थी, समाजमाध्यमे आणि हिंसा : एक विचार

विद्यार्थ्यांवर संस्कार करणारी दोन ठिकाणे आपण आजवर मानत आलो. एक घर आणि दुसरी शाळा. परंतु गेल्या काही वर्षांत त्यात तिसऱ्या ठिकाणाची भर पडली आहे, ते म्हणजे हातातील मोबाइल. तेथे समजावून सांगणारे गुरुजी नाहीत आणि वेळप्रसंगी कान धरणारे आजोबाही नाहीत. शाळकरी मुलांमधील भांडणे व मारामाऱ्या यांच्याशी या तिसऱ्या ठिकाणाचा काय संबंध आहे, याचा थोडक्यात विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मोबाइल घरात कसा आला?

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षण ऑनलाइन सुरू झाले. पोटाला चिमटा घेऊन अनेक गोरगरीब पालकांनी मुलांना मोबाइल घेऊन दिला. पुढे शाळा उघडल्या, पण मोबाइल मुलांच्या हातातच राहिला. आपल्या बीड जिल्ह्यात याला आणखी एक कारण आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. लेकरे गावी आजी-आजोबांजवळ राहतात. आई-वडिलांचा आवाज ऐकण्याचे साधन म्हणजे तोच मोबाइल. म्हणून "मोबाइल काढून घ्या" असे म्हणणे सोपे असले, तरी आपल्या भागात ते आचरणात आणणे सोपे नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे.

कोयता : पोटाचे साधन आणि दहशतीचे चित्र

ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. त्या कोयत्यावर मुकादमाकडून उचल मिळते आणि त्यावर घर चालते. म्हणजे कोयता हे आपल्याकडे कष्टाचे साधन आहे. परंतु पुणे शहरात २०२२-२३ च्या सुमारास हाच कोयता हातात घेऊन दहशत माजविणाऱ्या टोळक्यांची प्रकरणे गाजली. त्यात अल्पवयीन मुलेही सापडली. कोयते नाचवीत रील करून ती समाजमाध्यमांवर टाकण्याचे प्रकार घडले व पोलिसांना त्यावर कारवाई करावी लागली. ज्या हत्याराने आईच्या हाताला घट्टे पडले, तेच हत्यार मुलाने मोठेपणा मिरविण्यासाठी उचलावे, याहून दुःखाची गोष्ट ती कोणती?

मूल असे का वागते?

यामागे मानसशास्त्रीय कारण आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली १३ ते १८ वयोगटातील मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना छायाचित्रे दाखविण्यात आली व प्रत्येकाखाली किती जणांनी 'लाइक' केले तो आकडा होता. ज्या छायाचित्राला जास्त लाइक, तेच मुलांनाही आवडले. स्वतःच्या छायाचित्राला भरपूर लाइक दिसले की मेंदूतील आनंद देणारा भाग अधिक जागा होई. व्यसनाची किंवा धोक्याची छायाचित्रे पाहताना मात्र स्वतःला आवरण्याशी संबंधित भागाचे काम मंदावत असे. या वयात चांगले काय आणि वाईट काय हे पुष्कळदा पाहणाऱ्यांची संख्या ठरविते, असा याचा अर्थ आहे.

भांडण मिटत का नाही?

पूर्वी शाळेच्या मैदानात दोन मुले भांडली, तर गुरुजी दोघांनाही दटावीत आणि दुसऱ्या दिवशी तीच मुले एकत्र खेळत. आज भांडण सोडविण्याऐवजी चार जण त्याचे चित्रण करतात. ज्याने मार खाल्ला, त्याची फजिती संध्याकाळपर्यंत गावभर होते. मग तो स्टेटस ठेवतो. त्याला समोरचा उत्तर देतो. मोठ्या भावांचे मित्र त्यात उतरतात. स्टेटस २४ तासांनी आपोआप जाते, पण तोवर त्याचे छायाचित्र दहा जणांनी काढून ठेवलेले असते. वर्गातील बाकावर बसण्यावरून झालेला वाद आडनावांवर येतो आणि मग तो दोन मुलांचा न राहता दोन समाजांचा होतो.

आपल्या जिल्ह्याने हे जवळून पाहिले आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. मार्च २०२५ मध्ये त्या अमानुष मारहाणीची छायाचित्रे बाहेर आली व मोबाइलवरून सर्वत्र पसरली. मुलांच्या हातातील मोबाइल त्यातून कसे सुटणार? त्या काळात समाजमाध्यमांवर जातीजातींत विष कालविणारा मजकूरही फिरत होता. अशा वातावरणात बीड पोलीस दलाने कर्मचाऱ्यांच्या टेबलावरील पाट्यांवरून आडनावे काढली व केवळ नावाने संबोधण्याची पद्धत सुरू केली. पोलीस ठाण्यात जे करावे लागले, ते आपल्या वर्गात व आपल्या मोबाइल गटांत आपण आधीच का करू नये?

दोष फक्त मुलांचा नाही

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. अशी अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून फिरत होती. मारणारा जमाव शाळकरी मुलांचा नव्हता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा जाहीर केली. यंत्राला मर्यादा आली, मनाला कोण घालणार?

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सर्व हिंसेचे खापर मोबाइलवर फोडणे योग्य नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी घडले, तेव्हा खेडोपाडी समाजमाध्यमे पोहोचली नव्हती. द्वेष आधीपासून होताच. मोबाइल त्या द्वेषाला वेग देतो आणि टाळ्या वाजविणारे पुरवितो. उलट, आज कुठे अन्याय झाला तर त्याची वार्ता याच माध्यमातून आपल्यापर्यंत येते, हेही विसरून चालणार नाही.

कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ नुसार जात, धर्म आदी कारणांवरून समाजगटांत वैर वाढविणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मोबाइलवरील मजकूरही त्यात येतो. वय १८ च्या आत असल्यास बाल न्याय मंडळापुढे उभे राहावे लागते. अतिगंभीर गुन्ह्यात १६ वर्षांवरील मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची तरतूद २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आहे.

उपाय

१) बँकेत एकाने तयार केलेले व्हाउचर दुसरा तपासून पास करतो, त्याशिवाय व्यवहार पूर्ण होत नाही. रागात लिहिलेला मजकूरही दुसऱ्या शहाण्या माणसाला दाखविल्याशिवाय टाकू नये.

२) भांडणाचे चित्रण करू नये, आलेले पुढे पाठवू नये. पाहणारे कमी झाले की मारणाऱ्याचा जोरही ओसरतो.

३) जातीवरून कोणी अपमान केला, तर स्टेटसला स्टेटसने उत्तर देऊ नये. त्या मजकुराचे छायाचित्र पुरावा म्हणून जपून ठेवावे, मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्यावी व गरज पडल्यास पोलिसांत फिर्याद द्यावी. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यासाठीच आहे. मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांक आहे.

४) पालकांनी रात्री मोबाइल मुलांच्या अंथरुणात जाऊ देऊ नये. ऊसतोडीला गेलेल्या आई-वडिलांनी फोनवर "जेवलास का?" याबरोबरच "आज शाळेत कोणाशी बोललास?" हेही विचारावे.

५) संस्थेने संध्याकाळची अभ्यासिका व खेळ सुरू ठेवावेत. ज्या मुलाला चार माणसांत शाबासकी मिळते, त्याला कोयता दाखवून लाइक मागण्याची गरज उरत नाही.

समारोप

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे. आपल्याकडे तसा कायदा होईल तेव्हा होईल, पण घर, शाळा आणि संस्था यांना त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. विद्यार्थी मित्रहो, तुमचे आई-वडील कोयता घेऊन उन्हातान्हात राबतात, ते तुमच्या हातात पेन असावे म्हणून. त्या हाताने काय लिहायचे आणि काय पुढे पाठवायचे, याचा निर्णय मात्र तुम्हालाच घ्यायचा आहे. तो विचारपूर्वक घ्यावा, एवढीच कळकळीची विनंती.