चिंता आणि निद्रा

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे देहाचे तीन उपस्तंभ, असे चरकसंहितेत सांगितले आहे. यांतला निद्रेचा खांब कशाने ढळतो तेही सूत्रस्थानात आहे. त्यात भय, चिंता व क्रोध यांची नावे स्पष्ट आहेत. मन थकून इंद्रिये विषयांपासून परतली म्हणजे झोप लागते. चिंता करणाराचे मन थकते खरे, पण परतत नाही!

जव्हार तालुक्यात साखरशेताकडे पाहा. नागली-वरी घरात आली की या मुलखातली कितीतरी माणसे दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात. मागे राहिलेली म्हातारी अंथरुणावर पडते, पण उचल फिटेल ना, नातवंडे धड असतील ना, हाच घोर. रात्री उतरायचा तो कॉर्टिसॉल नावाचा स्राव अशा घोराने चढाच राहतो, असे आजचे वैद्यक सांगते. देह जणू पहाऱ्यावर उभा!

मग करावे काय? चरक अभ्यंग, दूध आणि कानाला गोड लागणारे शब्द सांगतात. आम्ही म्हणतो, खुशाली दिवेलागणीलाच फोनवर विचारून घ्यावी. अंथरुणात फोन नको. तळपायाला तेल चोळावे. मग हरिपाठ म्हणावा, पण हळू, श्वास लांब सोडीत. त्याने हृदयाची गती मंदावते. टाळ-मृदंगाचा गजर देवळात शोभतो, उशाशी नव्हे. आणि मध्येच डोळा लागला तर पाप नाही बरे!

आठवडेच्या आठवडे झोप नसेल, तर ‘तुझी भक्ती कमी पडली’ असे त्या माणसाला कोणी म्हणू नये. सोबत करून दवाखान्यात न्यावे; जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे.