इंग्रजीतील विशेषण आणि क्रियाविशेषण

आपण कष्टाळू आहोत, हे उमेदवारास नोकरीच्या अर्जात सांगावयाचे असते. तो लिहितो, ‘आय वर्क हार्डली’. ‘ली’ जोडले की क्रियाविशेषण होते, हा शाळेत पाठ केलेला नियम त्याने निष्ठेने पाळलेला असतो. अर्ज वाचणाऱ्यास मात्र अर्थ लागतो तो ‘मी जवळजवळ कामच करीत नाही’ असा.

व्याख्या तशी अवघड नाही. नामाविषयी अधिक माहिती सांगते ते विशेषण. क्रिया कशी, केव्हा, कोठे घडली हे सांगते ते क्रियाविशेषण. ‘व्हेरी’सारखी क्रियाविशेषणे विशेषणाची मात्राही सांगतात. तरीही चूक होते, याचे एक मूळ मातृभाषेत आहे. ‘चांगला मुलगा’ आणि ‘तो चांगला गातो’ या दोन्ही ठिकाणी मराठीत शब्द एकच. शिवाय ‘ती चांगली गाते’ असे म्हणताना क्रियेचे वर्णन करणारा शब्दही विशेषणासारखाच लिंगानुसार बदलतो. साहजिकच ‘शी सिंग्ज गुड’ हे वाक्य मराठी कानाला खटकत नाही. इंग्रजीत मात्र ‘शी इज अ गुड सिंगर’, परंतु ‘शी सिंग्ज वेल’.

क्रियापदानंतर येणारा प्रत्येक शब्द क्रियाविशेषणच असतो, असेही नाही. ‘द मँगो टेस्ट्स स्वीट’ या वाक्यात गोडी आंब्याची आहे, चाखण्याची नव्हे. म्हणून ‘स्वीटली’ चालत नाही. येथे क्रियापदाच्या जागी ‘इज’ घालून पाहावे. ‘द मँगो इज स्वीट’ हे वाक्य जुळते. याउलट ‘शी टेस्टेड द सूप केअरफुली’ यात काळजीपूर्वक घडली ती चाखण्याची क्रिया. तेथे ‘इज’ बसत नाही.

‘ली’ या खुणेवर विसंबता का येत नाही, याचे उत्तर त्या भाषेच्या इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत ‘लिक’ हा प्रत्यय विशेषणे घडवी आणि त्याचेच ‘लिचे’ हे रूप क्रियाविशेषणे. कालांतराने दोन्ही झिजून ‘ली’ झाली. ‘फ्रेंडली’, ‘कॉस्टली’ ही विशेषणे आहेत, ती त्यामुळेच. ‘हार्ड’ आणि ‘फास्ट’ यांची कथा याहून निराळी. त्यांच्या क्रियाविशेषणरूपाच्या शेवटी पूर्वी एक स्वर होता. तो गळून पडला आणि दोन्ही रूपे एकसारखी झाली. म्हणून ‘ही वर्क्स हार्ड’ हेच शुद्ध. ‘हार्डली’चा ‘क्वचित’, ‘जेमतेम’ हा अर्थ पुढे स्वतंत्रपणे रूढ झाला. ‘लेट’ म्हणजे उशिरा आणि ‘लेटली’ म्हणजे अलीकडे, हेही तसेच.

अशा शब्दांना नियम पुरत नाही. शंका येताच शब्दकोश उघडावा. तेथे शब्दापुढे त्याची जात दिलेली असते. ‘फास्ट’पुढे विशेषण आणि क्रियाविशेषण अशा दोन्ही खुणा सापडतील, ‘फास्टली’ आजच्या प्रमाण इंग्रजीत वापरीत नाहीत.